काळ्या दगडाच्या गावातली सुट्टी

आई गेल्यानंतर सहा महिन्यांनी मी बाबांना सिंगापूरला घेऊन आले. त्यांना विचारूनच आणलं असं मी सगळ्यांना सांगत असे, आणि ते खोटं नव्हतं. फोनवर मी म्हटलं होतं, तुम्ही तिथं एकटे कसे राहणार? ते म्हणाले होते, "बघ, तुला जमंल तसं." त्याला मी होकार धरलं. जालन्याचं दोन खोल्यांचं घर विकलं, सह्या झाल्या, सिंगापूरला राहण्यासाठीचा लाँग टर्म व्हिजिट पास आला, आणि पंचाहत्तरीला टेकलेले माझे बाबा क्वीन्सटाउनमधल्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले.

बाबा बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून लागले होते. रस्त्याच्या कडेला उन्हात बसून खडी फोडायची, खड्डे बुजवायचे, डांबराची पिंपं तापवायची. निवृत्त झाले तेव्हा मुकादम होते. मी त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी काय काय केलं ते इथं लिहीत बसत नाही. आमच्या समाजातल्या माझ्या पिढीच्या बहुतेक घरांत ते घडलेलं आहे. मी रसायनशास्त्रात पीएच.डी. केली, पाणी शुद्ध करण्याच्या तंत्रावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरून सिंगापूरला आले आणि इथंच राहिले. नवरा इंजिनियर, त्याचं ऑफिस जवळच, अलेक्झांड्राला. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला मराठी समजायची, पण उत्तर इंग्रजीतच यायचं.

बाबा सकाळी लवकर उठून आंघोळ करत, बुद्धवंदना म्हणत, आणि मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. आम्ही तिघं साडेसातपर्यंत बाहेर पडायचो. संध्याकाळी आल्यावर मी विचारायची, "बाबा, दिवस कसा गेला?" ते म्हणायचे, "बरा गेला." दोन वर्षं माझा हाच प्रश्न होता आणि त्यांचं हेच उत्तर.

या दोन वर्षांत ते एकदाच खुलले. एका रविवारी आम्ही बोटीनं पुलाउ उबीन नावाच्या बेटावर गेलो होतो. तिथं दगडाच्या जुन्या खाणी आहेत, आता त्यांत पाणी भरलंय. खाणीच्या काठावरचं कुंपण धरून बाबा बराच वेळ उभे राहिले. मग नातीला त्यांनी हा दगड कसा फुटतो, सुरुंगाचं भोक कुठं घेतात, कोणत्या दगडाची खडी रस्त्याला टिकते, हे सगळं सांगितलं. तिला निम्मं कळलं असेल. पण आबा एवढं बोलू शकतात याचंच तिला आश्चर्य वाटलं. परत येताना नवरा म्हणाला, पुढच्या जूनच्या सुट्टीत कुठंतरी असं जाऊ या, जिथं बाबांना दगड बघायला मिळतील. त्यानंच शोधून काढलं. फ्रान्सच्या मधोमध ओव्हेर्न नावाचा भाग आहे, तिथं विझलेल्या ज्वालामुखींची रांग आहे, आणि आसपासच्या खेड्यांतली घरं, चर्चं, पाण्याचे हौद सगळे त्याच काळ्या दगडाचे आहेत. बाबांना विचारलं तर म्हणाले, "एवढ्या लांब कामून?" पण पासपोर्ट शोधून दिला.

आम्ही उतरलो ते घर एका शेतकरीण बाईंच्या आवारात होतं. बाई साठीच्या असतील. एकट्याच राहायच्या, बारा गायी, त्यांच्या दुधाचं चीज करून बाजाराच्या दिवशी विकायच्या. इंग्रजी जेमतेम. फोनवर फ्रेंच बोलायच्या आणि त्यावरचं इंग्रजी भाषांतर आम्हाला दाखवायच्या. खिडकीतून समोर ते डोंगर दिसायचे. हिरवेगार, गोल, आणि माथ्यावर वाटीसारखा खळगा. मला ते सुंदर वाटायच्या ऐवजी थोडे विचित्रच वाटले, माणसानं मुद्दाम रचल्यासारखे. बाबांनी पहिल्याच संध्याकाळी घराच्या भिंतीवरून हात फिरवला, दगडाच्या बारीक बारीक छिद्रांत नख घालून बघितलं आणि म्हणाले, "आपल्याकडचाच हाय. जरा हलका हाय एवढंच."

दुसऱ्या दिवशी आम्ही दातेरी रुळांवरच्या छोट्या गाडीनं सगळ्यांत उंच डोंगरावर गेलो. वर थंडी होती, धुकं होतं, काहीच दिसलं नाही. मुलगी कंटाळली. बाबांना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांचं लक्ष दुसरीकडेच लागलं होतं. बाईंच्या आवारातून कुरणाकडे जाणाऱ्या वाटेला एक भिंत होती. माती नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड रचलेला. ती एका जागी ढासळली होती, आणि तिथं बाईंनी तार बांधून ठेवली होती. बाबांनी तार सोडली आणि दगड लावायला सुरुवात केली.

तीन दिवस ते सकाळ-संध्याकाळ तेच करत होते. बाई आधी हसल्या, मग त्यांनी गोठ्यातून पहार आणून दिली. बाबा मराठीत बोलायचे, बाई फ्रेंचमध्ये, आणि दोघांचं काम चालायचं. मी माझ्या बाबांना इतक्या वर्षांत असं घाम पुसताना पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला लाज वाटली, हे मी आज कबूल करते. ज्या दगडाच्या कामातून त्यांनी मला बाहेर काढलं, तेच त्यांनी परक्या देशात, परक्या बाईच्या आवारात, सुट्टीच्या दिवशी पुन्हा करावं, आणि मी काठावर बसून कॉफी प्यावी, हे मला सहन झालं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही एका तळ्यावर जाऊन आलो. गाडीतून उतरताच बाबा पहार घेऊन भिंतीकडे निघाले. मी म्हणाले, "बाबा, पुरे झालं आता. तुम्ही कुणाचे गडी नाही."

बाई समोरच उभ्या होत्या. त्यांना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. बाबांनी हातातली पहार भिंतीला टेकवून ठेवली आणि आत जाऊन हातपाय धुतले. जेवून ते लवकर झोपायला गेले. नवऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, एवढं कशाला बोललीस? मी म्हणाले, त्यांच्या वयाला झेपत नाही ते. मला स्वतःलाही तेच कारण खरं वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला बाईंनी आमचं दार वाजवलं. बाबा पहाटे एकटेच उठून गेले होते. मी उठायच्या आत काम उरकायचं, असं त्यांनी ठरवलं असावं. रात्री पाऊस पडून गेला होता. वरचा मोठा दगड चढवताना पाय घसरला, ते कुशीवर पडले आणि तसेच पडून राहिले. बाई धारा काढायला बाहेर आल्या तेव्हा त्यांना दिसले. किती वेळ पडले होते कोण जाणे. ओल्या गवतात त्यांचा स्वेटर पार भिजला होता. बाईंनी स्वतःचा कोट त्यांच्यावर टाकला होता. मी जवळ बसले तेव्हा बाबा म्हणाले, "दगड बसला. आता नाही पडायचा तो." मग डोळे मिटले.

तिथं खेड्यापाड्यांत रुग्णवाहिकेचं कामही अग्निशमन दलाचे लोक करतात. ते आले, त्यांनी बाबांना फळीवर घेतलं. उचलताना बाबा ओरडले. तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आईच्या अंत्ययात्रेतही त्यांनी आवाज काढला नव्हता. शहरातलं हॉस्पिटल तासाभराच्या अंतरावर होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि ते चांगलं झालं असं सर्जननं सांगितलं.

त्याच्या पुढच्या दिवसापासून बाबा भानावर राहिले नाहीत. त्यांनी सलाईनची सुई ओढून काढली. नर्सला त्यांनी ओव्हरसियरसाहेब म्हणून हाक मारली आणि डांबर थंड होतंय, माणसं पाठवा, म्हणून आर्जवं केली. मग तिच्यावरच चिडले. पलंगाच्या दोन्ही बाजूंना कठडे लावले तर ते हलवत राहिले. डॉक्टरनं समजावलं की या वयात भूल आणि ऑपरेशन यानंतर असं बऱ्याच जणांचं होतं, काही दिवसांत उतरतं, घाबरू नका, ओळखीच्या भाषेत बोलत राहा. ती भाषा बोलणारी त्या इमारतीत मी एकटी होते. नवरा मुलीला घेऊन परतला होता. त्याची रजा संपली होती आणि तिची शाळा उघडणार होती. जाताना मुलीनं आबांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला. ती लिफ्टपर्यंत रडली नाही. लिफ्टचं दार बंद होताना मला तिचा चेहरा दिसला.

ऑपरेशननंतरच्या चौथ्या संध्याकाळची गोष्ट. सात वाजून गेले होते तरी खिडकीतून ऊन येत होतं. तिथं जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. बाबांना त्या उजेडाचा त्रास व्हायचा. मी पडदा ओढला आणि वळले तर ते माझ्याकडे शांतपणे बघत होते. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांची नजर स्थिर होती. मला वाटलं, उतरलं.

"आलीस का," ते म्हणाले. "कुणासंगं आलीस?"

मी म्हणाले, बाबा, मी इथंच आहे. त्यांनी मान हलवली. मग ते आईला ज्या नावानं हाक मारायचे त्या नावानं त्यांनी मला हाक मारली, आणि विचारलं, "पोरगी बाहेर हाय का?"

त्या वेळी मी खरं सांगायला हवं होतं. डॉक्टरनंही तेच सांगितलं होतं, हलक्या शब्दांत खरं काय ते सांगत राहा. पण ते इतक्या हळू आवाजात विचारत होते, की मी म्हणाले, "नाही. गेली ती."

"मग ऐक," बाबा म्हणाले. "मला घरी घेऊन चल. पोरीकडं मला करमत नाही. वर टांगल्यासारखं वाटतं. दिवसभर घड्याळ बघत बसतो. घर इकायला नव्हतं पाहिजे, पण ती घाईत होती, म्हणून सही केली. तिला सांगू नको. तिला वाटतं, मी सुखात हाय. तेवढंच तिला बरं वाटतं."

मी म्हणाले, "नाही सांगत."

"शपथ घे."

मी शपथ घेतली. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि थोड्या वेळानं त्यांना झोप लागली. नर्स जेवणाचा ट्रे घेऊन आली, बाबा झोपलेले बघून तिनं अंगठा वर करून मला शाबासकी दिली.

आठवड्याभरानं ते खरंच ताळ्यावर आले. त्यांना पडलेलं आठवत होतं, ऑपरेशन आठवत होतं, मधलं काहीच नाही. मी तुला काही त्रास दिला का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, काही नाही, झोपून होता. पुढचा महिना आम्ही तिथंच काढला. चालण्याचे व्यायाम, माझ्या बिनपगारी रजेचे ईमेल, व्हिसाची मुदत वाढवून घेण्यासाठी एका कचेरीत घातलेल्या तीन फेऱ्या. बाई दर बाजाराच्या दिवशी चीज विकून झालं की हॉस्पिटलमध्ये यायच्या. बाबांजवळ बसायच्या, चीजचा तुकडा कापून द्यायच्या. बाबांना ते आवडत नसे, पण ते खायचे. एकदा बाईंनी फोनवरचं भाषांतर माझ्यापुढे धरलं. दोष माझा आहे, मी त्यांना काम करू द्यायला नको होतं, असं त्यात लिहिलं होतं. मी नाही म्हणून मान हलवली. दोष कुणाचा ते मला माहीत होतं, पण ते फोनमध्ये बोलून त्यांच्या भाषेत करण्याची हिंमत माझ्यात नव्हती.

एका दुपारी बागेतल्या बाकावर मी विषय काढलाच. म्हणाले, "बाबा, आपण जालन्याला जायचं का? तिथंच राहायचं. मी काहीतरी सोय करते."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना शंका आली असावी. "कामून? तिथं काय हाय आता?" ते म्हणाले. "तुझ्याकडं बरं चाललंय की."

त्यावर मला बोलता आलं असतं. तुम्हीच मला सांगितलंत, असं म्हणता आलं असतं. पण मी शपथ घेतली होती, आणि जिच्या नावानं घेतली होती ती मी नव्हते. मी त्यांना बाकावरून उठायला हात दिला.

सिंगापूरला परत आल्यावर बाबा वॉकर घेऊन खोलीपासून न्हाणीपर्यंत चालायचे, त्यापुढे नाही. मी घरूनच काम करायची परवानगी मिळवली, आठवड्यातले तीन दिवस. ते खुर्चीत, मी टेबलाशी. तीन दिवस त्यांच्यासोबत राहिल्यावर मला कळलं की तो दिवस किती लांब असतो. बारा वाजता जेवण झालं की संध्याकाळ होईपर्यंत काही घडतच नाही. समोरच्या ब्लॉकच्या गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळतात. ते खरंच घड्याळाकडे बघायचे.

ऑक्टोबरमध्ये एकदा मुलीनं भांडी पुसता पुसता मला विचारलं की आपण आबांना घरी कधी पाठवणार. मी म्हटलं, हेच त्यांचं घर. ती सिंगापुरी इंग्रजीत मराठी मिसळून म्हणाली, "नो लाह, ममा. आबांनी मला सांगितलंय. लाँग टाइम अगो." उबीनहून आल्यावर, त्या दोघांनी एकमेकांत ठरवलं होतं म्हणे, ममाला सांगायचं नाही. मग तिनं मला विचारलं की तुला खरंच माहीत नव्हतं का. तिच्या आवाजात राग नव्हता. नुसती उत्सुकता होती, आणि ती मला जास्त लागली.

डिसेंबरमध्ये मी त्यांना न विचारता जालन्याची तिकिटं काढली. या वेळी न विचारताच जायचं, असं मी ठरवलं होतं. चुलतभावाकडे उतरलो. त्यानं खालची खोली रिकामी करून दिली, पलंगाशेजारी काठी, तांब्या, सगळं मांडून ठेवलं. पहिले दोन दिवस माणसं भेटायला आली. तिसऱ्या दिवसापासून कुणी आलं नाही. बाबांच्या रस्त्याच्या कामावरच्या टोळीतले दोघंच उरले होते. एकाला ऐकू येत नव्हतं. दुसरा मुलाकडे नाशिकला गेला होता. आमचं घर बघायला जाऊ म्हणून बाबा मागं लागले. मला भावानं आधीच सांगितलं होतं, तरी मी त्यांना रिक्षात बसवून नेलं. घेणाऱ्यानं घर पाडून तिथं तीन गाळे काढले होते. एकात मोबाइलचं दुकान होतं, दोन बंद होते. बाबा रिक्षातून उतरले नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी गाळ्यांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. रिक्षावाल्यानं थांबू का विचारलं, तेव्हा बाबाच म्हणाले, "चल, घे मागं."

त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं की परतीचं तिकीट कधीचं आहे. मी म्हणाले, तुम्ही म्हणाल तेव्हाचं. हवं तर काढतच नाही. ते म्हणाले, "काढ. तुझ्या पोरीची शाळा असंल." मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

मार्चमध्ये त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस होते. या खेपेला त्यांचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. ते मला माझ्याच नावानं हाक मारायचे, आणि मी कसं वाटतंय म्हणून विचारलं की म्हणायचे, बरं आहे. दोन-तीनदा शब्द माझ्या ओठांवर आले. एकदा मी म्हणालेही, "बाबा, मला माहीत आहे." त्यांनी विचारलं, काय? मी म्हणाले, तुम्हाला त्रास होतोय ते. ते म्हणाले, "होणारच की." नवव्या दिवशी दुपारी ते गेले. नवरा पार्किंगमध्ये होता, मुलगी शाळेत. मी त्यांच्या पायाशी बसून त्रिशरण म्हटलं, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा रोज ऑफिसला जायला लागले. एका सकाळी आमच्या ब्लॉकखालच्या बाकावर बसलेल्या एका चिनी म्हाताऱ्यानं मला थांबवलं. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, निदान तसं मला वाटत होतं. त्यांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, अकराव्या मजल्यावरचे इंडियन अंकल कुठं आहेत? मी सांगितलं. त्यांनी बराच वेळ मान हलवली. मग म्हणाले की गेल्या जूनपर्यंत ते रोज दहाला खाली यायचे, इथं बसायचे, साडेअकराला वर जायचे. दोन वर्षं. काय बोलायचात, मी विचारलं. म्हातारा म्हणाला, काही नाही, ते बोलायचे नाहीत, मीही नाही.

त्यांनी बाकावरचं वर्तमानपत्र उचलून मला जागा केली. मला एमआरटीची ट्रेन गाठायची होती, साडेआठला मीटिंग होती. मी बसले. थोड्या वेळानं त्यांनी वर्तमानपत्राची आतली पानं काढून माझ्याकडे दिली. ती चिनीत होती. मी ती मांडीवर घेऊन बसून राहिले.